विवाह नोंदीची नक्कल मिळणेबाबत

अर्जाची सुरुवात ठरलेली असते. 'प्रति, मा. ग्रामसेवक तथा विवाह निबंधक, ग्रामपंचायत अमुक, ता. अक्राणी, जि. नंदुरबार.' त्याखाली, 'विषय : विवाह नोंदीची नक्कल मिळणेबाबत.' शाळेतून निवृत्त होऊन तळोद्याला राहायला आल्यापासून हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील, मोजलेलं नाही. जुने विद्यार्थी येतात, त्यांच्या बहिणी येतात, त्यांच्या गावचं कुणीतरी येतं. "बाई, एक अर्ज लिहून द्या." अर्ज अर्ध्या पानाचा होतो. बोलणं मात्र तासभर चालतं. त्या तासाभरातलं जे अर्जात बसत नाही, ते मी या वहीत उतरवून ठेवते.

*

पहिला प्रश्न मी एकच विचारते : नोंद कुठे केली होती? लग्न कुठे लागलं, हे प्रत्येकाला आठवतं. नोंद कुठे झाली, हे दहातल्या आठांना सांगता येत नाही. आणि नक्कल मिळते ती नोंद असेल तिथेच.

गावातलं लग्न असेल तर ग्रामपंचायत. तिथला ग्रामसेवक, आता ज्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तोच त्या हद्दीचा विवाह निबंधक असतो. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या गावांत नगरपालिका आणि धडगावला नगरपंचायत. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केलं असेल तर ती नोंद विवाह अधिकाऱ्याकडच्या प्रमाणपत्र पुस्तकात असते. अशा लग्नाला सगळेच 'कोर्ट मॅरेज' म्हणतात, म्हणून माणसं नक्कल मागायला थेट कोर्टात जातात. तिथला शिपाई त्यांना परत पाठवतो. गाडीभाडं जातं, बुडालेला रोजही परत येत नाही. अर्ज करण्याआधी एवढं एक विचारून घ्यावं, म्हणून हे टिपण पहिल्या पानावर.

*

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. आज ज्याखाली लग्नं नोंदवली जातात तो महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, त्याच्याही नावात १९९८च आहे. त्याआधी १९५३चा मुंबईचा विवाह नोंदणी कायदा होता, पण सातपुड्यात तो किती पोचला असेल हे ज्यांची लग्नं त्या काळात झाली त्यांच्याकडे बघून कळतं. साठीच्या पुढचं एकही जोडपं माझ्याकडे जुनी नोंद घेऊन आलेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या प्रकरणात १४ फेब्रुवारी २००६ रोजी सांगितलं की लग्न कोणत्याही धर्माचं असो, त्याची नोंद सक्तीची करा. त्या निकालामागचा विचार मला पटतो. लग्न झालंच नव्हतं असं उद्या कुणी म्हणाला, तर कागद नसलेली बाई काय दाखवणार? बालविवाह, पहिली बायको असताना दुसरी करणं, विधवेचा वारसाहक्क, या सगळ्या ठिकाणी नोंदीचा आधार तिलाच लागतो. पुरुष सहसा नक्कल मागायला येत नाहीत. आले तर पासपोर्टसाठी येतात. बाया येतात त्या बहुतेक वेळा दारात काहीतरी संकट उभं राहिल्यावर.

*

धडगावकडची एक बाई आली होती. वय असेल तीस-बत्तीस. नवरा सुरतला एका कारखान्यात कामाला होता, तिथेच आजारी पडून गेला. भविष्य निर्वाह निधीचे पैसे मिळायचे होते. मृत्यूचा दाखला सुरतहून आणला होता. कारखान्याने विवाहाचा दाखला मागितला.

नोंद होती, असं ती ठामपणे सांगत होती, कारण लग्न सामूहिक विवाहात लागलं होतं. "तिथे टेबलावर सगळ्यांचे अंगठे घेतले, फोटो घेतला." साल? साल ठाऊक नाही. होळी झाली होती, मोहाची फुलं वेचून संपली होती. मोठा मुलगा कितवीत आहे ते विचारलं. सहावीत. तो लग्नानंतर दुसऱ्या पावसाळ्यात झाला. असं मागे मागे मोजत आम्ही दोन सालांपर्यंत आलो आणि अर्जात दोन्ही लिहिली.

नवऱ्याच्या गावच्या ग्रामपंचायतीत दोनदा कुलूप होतं. तिसऱ्यांदा माणूस भेटला. तो म्हणाला, "नंबर सांगा." नोंदणी क्रमांक सांगता आला असता तर तिच्याजवळ दाखला असता आणि ती नक्कल मागायला आलीच नसती. रजिस्टर सालवार असतं, पानं उलटली की सापडतं. "शोधून ठेवतो, पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात उत्तर आलं, इथे नोंद नाही. ते खरंही होतं. नोंद सामूहिक विवाह जिथे झाला त्या गावी होती, चाळीसेक किलोमीटरवर. हे पहिल्याच दिवशी तिला कुणी सांगितलं असतं तर तिच्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या. त्यातल्या एका फेरीला चांदसैली घाटात दरड आली होती.

दुसऱ्या गावी मी तिच्यासोबत गेले. ग्रामसेवक तरुण होता. त्याने दोन्ही सालांची रजिस्टरं कपाटातून काढली, फडक्याने पुसली आणि तिच्यासमोरच पानं उलटायला लागला. लाल कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या. एकामागून एक जोडपी, एकाच दिवशीची, एकाच अक्षरातली. मध्येच ती म्हणाली, "थांबा." तिला वाचता येत नाही. तिने फोटो ओळखला होता. पिवळा पडलेला, एका कोपऱ्यातून सुटलेला. मुंडावळ्यांखाली दोघांचे चेहरे. नवऱ्याचा दुसरा फोटो तिच्याजवळ नव्हता, आधारकार्डावरचा सोडला तर. ती बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसली. ग्रामसेवकाने घाई केली नाही. त्याने तिला पाणी दिलं, मग नक्कल लिहायला घेतली. त्याच दिवशी दिली, गोल शिक्क्यासह.

फोटो नकलेवर येत नाही म्हणून त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून द्याल का, असं तिने विचारलं. त्याने दिला.

*

नक्कल म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. सरकारी दप्तरातला जो कागद बघण्याचा तुम्हाला हक्क आहे, त्याची प्रत फी भरून मागण्याचाही हक्क आहे. हे पुराव्याच्या कायद्यात फार जुनं आहे. आता त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी तरतूद तीच राहिली. प्रतीच्या तळाशी ही खरी नक्कल आहे असं लिहिलेलं हवं, तारीख हवी, अधिकाऱ्याची सही, त्याचं नाव आणि पद हवं, शिक्का हवा. यातलं काही राहिलं तर तो कागद पुढच्या टेबलावर अडतो. कार्यालयातून बाहेर पडण्याआधी उजेडात उभं राहून या गोष्टी एकेक करून बघाव्यात. शिक्का सहीवरून गेला आणि नाव वाचता आलं नाही, तर तिथेच दुसरा मारून मागावा. मागायला लाजू नये.

*

आडनावांचं टिपण. सीमेपलीकडे, गुजरातेत, 'वसावा' लिहितात. अलीकडे तेच कूळ 'वसावे' होतं. तिकडे 'गामीत', इकडे नवापुरात 'गावित'. मुलगी डेडियापाड्याकडची आणि मुलगा अक्कलकुव्याचा, असं इथे नेहमीच होतं. सोयरिकीला राज्याची सीमा कधी आडवी आली नाही. कागदाला येते. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर गुजरातीत एक नाव, इथल्या नोंदीत मराठीत दुसरं, आधारवर इंग्रजीत तिसरं.

पहिल्या नावांचंही तसंच. पाड्यावर वारावरून नाव ठेवतात. रविवारचा दित्या, शुक्रवारचा शुक्र्या. शाळेत गुरुजींनी ते 'सुधारून' लिहिलेलं असतं. मीही मास्तरकी केली आहे आणि अशी नावं बदलून लिहिलेली मी पाहिली आहेत. चांगल्या मनाने केलं असेल, पण त्या माणसाला पुढची चाळीस वर्षं 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करत फिरावं लागतं.

नक्कल देणाऱ्याला नाव दुरुस्त करून देता येत नाही. नोंदीत जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, उतरवावं लागतं. दुरुस्ती हवी तर ती आधी मूळ नोंदीत करून घ्यायची, पुराव्यानिशी, वेगळ्या अर्जाने. हे माहीत नसल्यामुळे लोक टेबलावर भांडतात आणि काम अडतं.

*

नोंदणीच्या अर्जाला, म्हणजे नमुना 'ड'ला, लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही लागते. तीन साक्षीदार, वयाचे पुरावे, लग्नपत्रिका. सातपुड्यातल्या पाड्यावर पत्रिका छापत नाहीत, निरोप जातो. पुरोहित नसतो, गावचा पुजारा आणि कारभारी असतात. दहेज असतं, पण ते मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. तो शब्द इथे उलट्या दिशेने चालतो. ढोल वाजतो, सगळं गाव जेवतं, आणि ते लग्न पुढच्या तीन पिढ्यांना ठाऊक असतं.

हिंदू विवाह कायदा १९५५चा, पण त्याच्या कलम २(२)नुसार केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजे रूढीने लागलेलं आदिवासी लग्न पुरेपूर लग्न असतं. नोंद नसली म्हणून ते कमी पडत नाही. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याच्या साडेसोळा लाख लोकांपैकी ६९ टक्क्यांहून अधिक आदिवासी होते. इथल्या बहुसंख्य लोकांच्या लग्नाचा साक्षीदार गाव आहे, आणि गावाची सही नमुन्यात कुठे घ्यायची, ते छापलेलं नाही. पुजाऱ्याची सही पुरोहिताच्या रकान्यात घेणारे ग्रामसेवक मला माहीत आहेत. त्यांचं करणं बरोबर आहे असं माझं मत आहे.

*

जन्मतारीख १ जून. हे टिपण कोणत्याही पानावर चालेल. आमच्या शाळांतल्या हजेरीपटावर अर्ध्या मुलांची जन्मतारीख १ जून असायची, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि आईबापांना तारीख सांगता यायची नाही.

त्यातून पुढे काय होतं, हे नोंदीचा अर्ज लिहिताना दिसतं. त्या तारखेने मोजलं तर मुलगी अठराची नसते. लग्न होऊन जातं, नोंद करता येत नाही, म्हणून कुणी करत नाही. पुढे ती वीस वर्षांची झाली तरी राहून गेलेलं ते राहूनच जातं. नक्कल मागायला येते तेव्हा तिला सांगावं लागतं की मुळात काही नाहीच. ही गोष्ट मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही, मी स्वतः तीन मुलींना ती सांगितली आहे. त्यातली एक माझ्या वर्गात होती. आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही, आणि मी तिच्या घरी जायला पाहिजे होतं.

२०२३ साली नंदुरबार पोलिसांनी बालविवाह रोखण्यासाठी 'ऑपरेशन अक्षता' सुरू केलं, ते गावोगाव टिकलं पाहिजे. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो. लग्नाची नोंद करणारा आणि बालविवाह थांबवणारा माणूस एकच. त्याच्याकडे दोन-दोन गावांचा कारभार दिला तर तो कुठे कुठे पोचणार, याचंही उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

*

नवापूरहून एक गृहस्थ आले होते. ख्रिस्ती कुटुंब, आईवडिलांचं लग्न चर्चमध्ये लागलेलं. त्यांना वाटत होतं सरकारात काहीच नसणार. तसं नसतं. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली चर्चमध्ये लागलेल्या लग्नाची नोंद चर्चच्या वहीत होते आणि तिची प्रत महानिबंधकाकडे पाठवायची असते. म्हणजे नक्कल मागायला दोन दारं. आधी चर्चच्या पाळकांकडे जा, म्हटलं. तिथेच मिळाली. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने दुसरी प्रत दूर ठेवायची काळजी घेतली होती, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. एक वही भिजली, जळली, हरवली तरी दुसरी असते.

*

वही भिजण्यावरून. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्राची ३३ गावं आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यात पहिलं. १९७९च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब धरलं होतं. जमीन मिळायची की नाही, हे मुलाच्या वयावर ठरत होतं. जिथे शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, तिथे वय कशाने सिद्ध करणार? आता त्यातली बरीच माणसं शहादा-तळोद्याकडच्या वसाहतींत राहतात. त्यांच्यातलं कुणी जुन्या गावच्या नोंदीची नक्कल मागायला आलं की नोंद शोधण्याआधी दप्तर शोधावं लागतं.

*

२९ सप्टेंबर २०१०. शहादा तालुक्यातलं टेंभली. देशातलं पहिलं आधारकार्ड तिथे दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. आमच्या शाळेतले शिक्षकही बंदोबस्तातून वाट काढत बघायला गेले होते. देशाचा पहिला क्रमांक या जिल्ह्यातल्या माणसाला मिळाला, याचा मला अभिमान आहे. त्याच जिल्ह्यात विवाहाचं रजिस्टर अजून लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे.

*

२०२४चा पावसाळा. लाडकी बहीण योजनेसाठी रांगा. नवीन लग्न झालेल्या बाईचं नाव सासरच्या रेशनकार्डावर नसेल, तर विवाह प्रमाणपत्र असलेल्या बाईच्या नवऱ्याचं रेशनकार्ड उत्पन्नाचा पुरावा म्हणून चालेल, असं सरकारने सांगितलं. ज्या घरांत दाखल्याचं नावही कुणी काढलं नव्हतं, तिथून एकदम विचारणा सुरू झाली. एका आठवड्यात मी अकरा अर्ज लिहिले. सात नकलेचे, चार नव्याने नोंद करण्याचे. त्या चौघींच्या घरी लग्नाला आठ-दहा वर्षं होऊन गेली होती.

गुजरातेतून आलेल्या सुनांचं वेगळं. त्यांची नोंद कधी माहेरी, तलाटी-कम-मंत्रीकडे झालेली असते, गुजरातच्या २००६च्या कायद्याखाली. ती नक्कल तिकडूनच आणावी लागते आणि ती गुजरातीत असते. इथल्या टेबलावर गुजराती वाचणारा माणूस असला तर नशीब.

*

तोंडी मागू नका. हे वहीत मी तीन ठिकाणी लिहिलं आहे, इथे चौथं. अर्ज लेखी, दोन प्रतींत. एकीवर तारखेसह पोच घ्यायची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. त्याखालच्या सेवांची यादी, फी, मुदत, कुणी द्यायची आणि न दिल्यास अपील कुणाकडे, हे सगळं कार्यालयात फलकावर लावायचं असतं. विवाह नोंदीचा दाखला ग्रामपंचायतीच्या सेवांमध्ये आहे. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. कारण नसताना टाळाटाळ केली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

मी आजवर एकदाच अपिलापर्यंत गेले. बाकी वेळा 'पोच द्या' एवढं म्हटल्यावर रजिस्टर निघालं.

माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुष्कळजण सुचवतात. स्वतःच्या नोंदीसाठी तो लांबचा रस्ता आहे. त्याला तीस दिवस लागतात, आणि नक्कल हा साधा हक्क असताना तो वापरावा लागू नये.

*

जंगलजमिनीचा दावा मंजूर झालेल्या एका घरात गेले होते. २००६च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने द्यायचा असं स्पष्ट आहे. भिंतीवर फ्रेम करून लावलेला पट्टा, त्यावर दोघांची नावं. बाईने आपलं नाव मला बोटाने दाखवलं. माझ्या माहितीत तिच्या नावाचा तो पहिलाच कागद. लग्नाची नोंद? नाही. मुलं चार. नमुना 'ड' माझ्या पिशवीत असतोच, तो काढून दिला. कारभारी शेजारीच राहतो, साक्षीला तयार होता.

*

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर निघतात, बारडोली, सुरत, नवसारीकडे. पाड्यांना कुलपं लागतात. होळीला मात्र जो तो घरी येतो. काठी गावची राजवाडी होळी असो की आपल्या पाड्याची, ती चुकवायची नाही. त्यानंतरचे थोडे दिवस नवरा, बायको, साक्षीदार, पुजारा सगळे एका ठिकाणी सापडतात. लग्नंही त्याच दिवसांत लागतात. ग्रामपंचायतींच्या दप्तरात मात्र तेच मार्चअखेरचे दिवस. वसुली, हिशोब, बैठका. माणसं आली तेव्हा कार्यालय बंद, कार्यालय उघडलं तेव्हा माणसं उसात.

म्हणून जिल्हा परिषदेला आणि सगळ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती लिहून ठेवते. होळी झाल्यावर एक दिवस ठरवा. रजिस्टर, शिक्का आणि नमुना 'ड'चे कोरे कागद घेऊन पाड्यावर येऊन बसा. ज्यांची नोंद आहे त्यांना तिथेच नक्कल द्या, ज्यांची नाही त्यांची नोंद करा. अर्ज लिहायला मी येईन.